तिथी, तेरावा आणि मध्येच थांबवलेला सिनेमा

मंडळी, या वेळी आमच्या घरी गंमतच झाली. तीन आठवड्यांत चार सिनेमे बघून झाले आणि चारही सिनेमांत सुरुवातीलाच कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर जाण्याच्या बेतात असतं. ठरवून काही नाही केलं. एक बघितला, ॲपने त्याच जातीचा दुसरा पुढे सरकवला, मग तिसरा. त्यात पितृपंधरवडा चालू. सासूबाई म्हणाल्या, "या दिवसांत नवीन काही घ्यायचं नसतं, जुने सिनेमे बघायला कुणाची हरकत आहे?" झालं, परवानगी मिळाली.

पहिला सिनेमा कन्नड, 'तिथी'. आपल्याकडे तिथी म्हणजे पंचांगातला दिवस. इथे कन्नडमध्ये गेलेल्या माणसाच्या दिवसकार्यालाही तिथीच म्हणतात. राम रेड्डी या तरुण दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा सिनेमा. 2015 साली लोकार्नोच्या महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं, पाठोपाठ सर्वोत्तम कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. पण 'पुरस्कारवाला सिनेमा' म्हटलं की आमच्या घरात जे तोंड वाकडं होतं, ते याच्या बाबतीत पाच मिनिटांत सरळ झालं. सेंच्युरी गौडा नावाचे 101 वर्षांचे आजोबा रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची यथेच्छ टिंगल करतात, लघवीला म्हणून उठतात आणि तिथेच खलास. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे अकराव्या दिवसाच्या जेवणापर्यंत त्या घरात काय काय होतं, ते.

आजोबांचा मुलगा गडप्पा, म्हणजे दाढीवाले अप्पा. तो स्वतःच म्हातारा. बाप गेला हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. खिशात छोटी बाटली, पायाखाली वाट, बस्स. नातू तम्मण्णा मात्र व्यवहारी. पाच एकर जमीन विकून मोकळं व्हायचंय, पण ती आधी बापाच्या नावावर व्हायला हवी आणि बापाला जमिनीचं काही पडलेलंच नाही. मग तम्मण्णा काय करतो? जिवंत बापाला फिरायला धाडून देतो आणि त्याच्या मरणाचा खोटा दाखला तयार करतो! पणतू अभी तर तिसऱ्याच जगात. त्याला धनगरांच्या तांड्यातली एक मुलगी आवडलीय, दिवसकार्याची कामं सोडून तो तिच्या मागे.

यात कसलेला नट एकही नाही. मंड्या जिल्ह्यातल्या नोडेकोप्पलु गावातली आणि आसपासची माणसंच कॅमेऱ्यासमोर उभी आहेत. सहलेखक एरे गौडा त्याच गावचे. म्हणून तर त्या घराचा ओटा, ती वाटेवरची भांडणं, सावकारीण कमलक्काचा तो थंड आवाज, कशातच 'सेट'चा वास येत नाही.

आमच्याकडे एक अडचण आली. मुलाने शाळेत कन्नड घेतलंय, तेव्हा तो आम्हाला समजावून सांगणार होता. पण मंड्याकडची बोली सुरू झाल्यावर त्याची गाडी अडली. शेवटी मदत झाली ती स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची. त्या मूळच्या त्याच भागातल्या. पोळ्या आटोपून दारात उभ्या राहिल्या, मग खुर्चीत बसल्या, मग आमच्या आधी हसायला लागल्या. खालच्या इंग्रजी ओळींत ज्याचं साधं 'मूर्ख' झालं होतं, ते मूळात किती रंगीत होतं, हे त्यांनी सांगायचं टाळलं. मुलगा समोर होता ना! तर सांगून ठेवते: शिव्या आहेत, दारू आहे, लहान मुलांना घेऊन बसू नका. आठवी-नववीच्या पुढच्यांना खुशाल दाखवा.

माझं मत विचाराल तर चारांत हाच पहिला. कारण यात कुणी कुणाला शहाणपण शिकवत नाही. गडप्पा धनगरांपाशी बसून आपली जुनी गोष्ट सांगतो, तो एक प्रसंग सोडला तर सिनेमा कुठे डोळे ओले करायलाही जात नाही. तो प्रसंग मात्र मन लावून ऐका. तोवर ज्याला आपण बेफिकीर म्हातारा समजत होतो, तो एकदम वेगळाच दिसायला लागतो.

दुसरा आपला मराठी, 'व्हेंटिलेटर' (2016). तुमच्यातल्या अनेकांनी थिएटरात पाहिला असेल, सासूबाईंनी नव्हता पाहिला. राजेश मापुस्कर यांना यासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कामेरकरांचे गजूकाका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर, गणपती दोन-चार दिवसांवर आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न: काका आत्ता गेले तर सुतक, मग गणपतीचं काय? शंभराच्या वर पात्रं आहेत म्हणे. मी मोजली नाहीत, पण रुग्णालयाचं ते आवार बघून वाटतं की आपल्याच कुणाच्या लग्नात आलोय. कोकणातून गाडी भरून आलेले नातेवाईक, डब्यांची सोय, 'मी आधीच म्हटलं होतं' म्हणणारी एक बाई. तंतोतंत!

उत्तरार्धात सिनेमा जरा जास्तच रडवतो. बाप-मुलाचं एक भांडण पुरलं असतं, इथे दोन आहेत. जितेंद्र जोशी आणि आशुतोष गोवारीकर दोघेही चांगलेच, तरी शेवटची वीस मिनिटं मला लांबली. सतीश आळेकर दिसले की मात्र मी सावरून बसते. 1974 साली 'महानिर्वाण' लिहून ज्यांनी मेलेल्या कीर्तनकार भाऊरावांना रंगमंचावर बोलतं ठेवलं, तेच आळेकर इथे मरणाच्या दारातल्या भावकीत बसलेत, हे बघायला मजा येते.

आता मथळ्यातला तो 'मध्येच थांबवलेला' भाग. मशीन काढायचं की ठेवायचं यावर पडद्यावर खल चालू होता. सासूबाईंनी रिमोट मागितला आणि सिनेमा थांबवला. आम्हाला वाटलं, पाणी हवं असेल. तर म्हणाल्या, "हे बघ, मला ते यंत्र लावत बसू नका. आणि थोरल्याला सांगलीला फोन करून तूच सांग, नाहीतर तो ऐनवेळी भांडेल." त्यांचं वय 78. नवरा काहीच बोलला नाही. मुलगा म्हणाला, "आजी, सिनेमा चालू कर ना." तिने केला चालू.

थिएटरात हे झालं नसतं. तिथे दिवे लागेपर्यंत असं वाक्य विरून जातं, मग पार्किंग, मग कुठे जेवायचं. घरी मात्र ते वाक्य त्या खोलीतच राहिलं. दोन दिवसांनी नवऱ्याने स्वतःहून सांगलीला फोन लावला. दीर आधी चिडले, "आईला असलं काय दाखवता?" म्हणाले. मग गप्प झाले. मग "तिला फोन दे" म्हणाले. पुढे अर्धा तास मायलेक दार लावून बोलत होते. काय ठरलं ते मी विचारलं नाही.

पण एक गोष्ट मी शोधून काढली, ती तुमच्याही उपयोगाची आहे. अशी इच्छा आपल्याला आधीच कागदावर लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली त्याला मान्यता दिली. तेव्हाची पद्धत किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. 2023 मध्ये ती सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. बरं होण्याची आशा उरलेली नाही आणि आपल्याला बोलता येत नाही, अशा वेळी कुणी निर्णय घ्यायचा, त्यांची नावं त्यात लिहायची. आपल्या कर्नाटकात तर आरोग्य खात्याने जानेवारी 2025 मध्ये याबद्दल परिपत्रकही काढलंय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग दसऱ्यानंतर बघू. आत्ता पक्ष चालू आहे."

तिसरा हिंदी, 'रामप्रसाद की तेहरवी'. अभिनेत्री सीमा पाहवा यांनी पहिल्यांदाच दिग्दर्शन केलं, 2021 च्या एक जानेवारीला आला. नसीरुद्दीन शाह बाऊजी, ते लगेच जातात. मग तेरा दिवस त्यांची मुलं-सुना त्या जुन्या घरात अडकतात आणि बँकेचं कर्ज बाऊजी मागे ठेवून गेल्याचं कळतं. अम्मा कुणाकडे राहणार हा प्रश्न सगळ्यांच्या मनात, तोंडात कुणाच्याच नाही. सुप्रिया पाठक फार कमी बोलतात यात. सगळे त्यांच्याविषयी बोलत असतात आणि त्या शेजारच्या खोलीत बसून ऐकतात. स्वयंपाकघरात जावांची जी कुजबुज आहे, ती बायकांनी ओळखीचं हसत बघावी. सिनेमा मधे रेंगाळतो, पाहुणे इतके आहेत की कोण कुणाचा मुलगा हे कळायला अर्धा तास जातो. तरी शेवटाकडे अम्मा काय ठरवते, त्यासाठी थांबाच. मी सांगणार नाही.

चौथा 'पगलैट', नेटफ्लिक्सवर. इथे म्हातारं कुणी गेलेलं नाही. लग्नाला पाच महिने झालेल्या संध्याचा नवरा गेलाय आणि तिला रडूच येत नाही. सान्या मल्होत्राने छान केलंय. सुतकाच्या घरात तिला भूक लागते आणि पेप्सी प्यावीशी वाटते, ते फार खरं आहे. पण विम्याचे पन्नास लाख आले, की सिनेमा सोप्या रस्त्याला लागतो आणि संध्याला एकदम सगळं उमगतं. पाच महिन्यांच्या संसारानंतर इतक्या झटपट कुणाला काही उमगत असेल, असं मला वाटत नाही. सासूबाईंनी हा अर्ध्यावर सोडला. "तिची आई जवळ घेत का नाही तिला?" एवढंच म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

चारातला एकच बघायला वेळ असेल तर 'तिथी' बघा. घरात आई-वडील असतील आणि बोलायचं राहून गेलं असेल, तर 'व्हेंटिलेटर'. त्यांच्या शेजारी बसा आणि रिमोट त्यांच्याच हातात असू द्या. कोणता सिनेमा कुठल्या ॲपवर आहे ते मी लिहीत नाही, कारण आज इथे असलेला उद्या तिथे जातो. नाव टाकून शोधलं की सापडतो.

पुढच्या खेपेला दसऱ्याच्या सुट्ट्या असतील. यादी चिरंजीवांनी केली आहे. त्यात तीन सिनेमे डायनोसोरचे आहेत आणि आजींनी तिन्हींना होकार दिलाय.