चॅटबॉटने दिलेली ‘इनहिबिटर’ची यादी आणि लातूरचा एक रिपोर्ट

मागच्या महिन्यात लातूरच्या मावसबहिणीने, म्हणजे ताईने, व्हॉट्सअॅपवर दोन फोटो पाठवले. पहिला तिच्या मुलाच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट. ऑटिझम, आणि न्यूरोलिगिन-४ हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड. दुसरा चॅटबॉटच्या उत्तराचा स्क्रीनशॉट: ‘न्यूरोलिगिन-४ इनहिबिटर’, खाली रॅपामायसिन धरून पाच रसायनं. सोबत प्रश्न, "इथल्या मेडिकलवर नाही म्हणाले. तुमच्या नांदेडला मिळेल का रे?"

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. तरी ही यादी कुठे फसते ते सांगता येतं.

दोन चेतापेशी जिथे भेटतात तिथे संदेश घेणाऱ्या पेशीचं न्यूरोलिगिन समोरच्या पेशीचं न्यूरेक्सिन धरून ठेवतं. ही पकड. आता इनहिबिटर म्हणजे रोखणारं रसायन. थेट रोखणारं आपल्याकडे शेतकऱ्यांना माहीत आहे: मोनोक्रोटोफॉस. ते अॅसिटिलकोलिनेस्टरेज या विकराच्या खाचेत जाऊन चिकटतं. (फवारणीची विषबाधा काय असते हे 2017 साली शेजारच्या यवतमाळने पाहिलंय. वीसहून जास्त माणसं गेली.) गंमत म्हणजे न्यूरोलिगिनचा बाहेरचा भाग दिसायला या विकरासारखाच आहे. पण विष ज्या सेरीनला धरतं ते तिथे नाही. खाचच कामाची नाही, मग बुजवणार काय?

म्हणून यादीतली रसायनं ‘अप्रत्यक्ष’. रॅपामायसिन एमटॉर नावाचं प्रथिन दाबतं, त्याने पेशीतली एकूण प्रथिननिर्मितीच मंदावते आणि त्यात न्यूरोलिगिनही कमी होऊ शकतं. एका घरचा नळ बंद करायला टाकीचा व्हॉल्व्ह फिरवण्यासारखं. लातूरकरांना याहून जास्त सांगायला नको.

यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. 2013 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या नाहूम सोनेनबर्ग यांच्या गटाने असे उंदीर अभ्यासले, ज्यांच्यात प्रथिननिर्मितीचा एक ब्रेक काढून टाकला होता. त्यांच्यात न्यूरोलिगिन जास्त बनत होतं. निर्मिती रसायनाने रोखल्यावर त्यांचं वागणं सुधारलं.

पण तिथे प्रथिन जास्त होतं! न्यूरोलिगिन-४ आणि ऑटिझमचा संबंध 2003 मध्ये पॅरिसच्या थॉमस बूर्जेरॉन यांच्या गटाने दाखवला, तो स्वीडनमधल्या दोन भावांवरून. त्यांच्यात हे प्रथिन अर्ध्यातच तुटत होतं. जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे मुलग्यांकडे एकच प्रत, बॅकअप नाही. ताईच्या मुलाच्या रिपोर्टमध्येही तुटल्याचंच लिहिलंय. जे आधीच कमी आहे ते आणखी कमी करायचं? आणि रॅपामायसिन हे किडनी प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात.

चॅटबॉटने ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द एकदाच, सहाव्या ओळीत वापरला होता. वाढवायचंय की कमी करायचंय, हे त्याने विचारलंच नाही. आमच्याकडे अधिक-उण्याची अशी चूक कोड रिव्ह्यूमध्ये पहिल्या मिनिटाला पकडतात.

फोनवर ताई म्हणाली, "मग वाढवणारं काही आहे?" असं मान्यताप्राप्त औषध आज नाही, म्हटलं. रिपोर्ट जनुकीय समुपदेशकाला दाखव आणि स्पीच थेरपी सोडू नको. मागच्या आठवड्याची थेरपी मेडिकलच्या फेऱ्यांत बुडाली होती.