पातेल्यामागची यादी

सुदानमध्ये रमजानचा इफ्तार फक्त घरात होत नाही, तो रस्त्यावर होतो. मगरीबच्या अजानआधी घराघरांतून ताटे बाहेर येतात, रस्त्याच्या कडेला चटया अंथरल्या जातात. मोड आणलेल्या ज्वारीपासून केलेले ‘हिलू-मुर’ नावाचे सरबत भांड्यांत ओतले जाते. हिलू-मुर म्हणजे गोड-कडू. खार्तुमच्या दक्षिणेला अल-जझिरा भागातल्या महामार्गावर तर गावकरी डोक्याचे पागोटे सोडून रस्त्यात आडवे धरतात आणि बस थांबवतात. उतरा, रोजा सोडा, मग पुढे जा. प्रवासी कोण, कुठला, याची चौकशी आधी होत नाही.

अशा देशात १५ एप्रिल २०२३ रोजी युद्ध पेटले. त्या दिवशी हिजरी १४४४ च्या रमजानची २४ तारीख होती. एका बाजूला लष्कर, दुसऱ्या बाजूला ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल. दोघांनी मिळून २०२१ मध्ये सत्ता बळकावली होती आणि आता ती कोणाची, यावरून ते एकमेकांवर तुटून पडले. सुमारे सव्वा कोटी माणसे घरातून उठली. परदेशी वकिलाती बंद झाल्या, मोठ्या मदतसंस्थांचे परदेशी कर्मचारी काही दिवसांत खार्तुम सोडून गेले, बहुतेक रुग्णालये बंद पडली.

मागे राहिली ती मोहल्ल्यातली तरुण मुले-मुली. त्यांनी वस्तीवस्तीत ‘गुरफ अत-तवारी’, म्हणजे आपत्कालीन कक्ष, सुरू केले. कोणी बंद पडलेला दवाखाना उघडला, कोणी गोळीबारात अडकलेल्या कुटुंबांना बाहेर काढले, कोणी पाण्याची सोय केली. आणि जागोजागी सामूहिक स्वयंपाकघरे उभी राहिली. सुदानमध्ये त्यांना ‘तकिया’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे परका नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत फकिरांच्या मुक्कामाची जागा तकिया म्हणूनच ओळखली जाते. तिथल्या तकियात मोठ्या पातेल्यात मसूर, घेवडा किंवा भात शिजतो आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या डब्यात पडतो.

बाहेरून पाहणाऱ्याला यात दया दिसते, माणुसकी दिसते. ती आहेच. पण दयेने एक दिवस पातेले चढते, रोज चढत नाही. रोज पातेले चढवायला यादी लागते. गल्लीत किती घरे, कुठे बाळंतीण, कुठे एकटी म्हातारी, कोणाला साखरेचा आजार. बाजारात एकाने जायचे, हिशेब दुसऱ्याने ठेवायचा, पावत्यांचे फोटो सर्वांना दाखवायचे, निर्णय मिळून घ्यायचे. बराचसा पैसा परदेशातल्या सुदानी लोकांकडून मोबाइलवर येतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर दूरसंचार सेवा ठप्प झाली, तेव्हा अनेक स्वयंपाकघरांच्या चुलीही विझल्या.

ही यादी, हा हिशेब आणि हा विश्वास युद्धाच्या पहिल्या आठवड्यात कुठून आला? तो आधीच तयार होता.

त्याचे सर्वात जुने मूळ ‘नफीर’ या प्रथेत आहे. कापणी असो, घर शाकारणे असो की पूर, हाक दिली की सारे गाव कामाला येते. मराठी शेतकऱ्याला इर्जिक किंवा सावड ठाऊक आहे, त्याला नफीर समजावून सांगावी लागणार नाही. २०१३ च्या पुरात खार्तुमच्या तरुणांनी याच नावाने मदतकार्य उभे केले. त्याच वर्षी सरकारविरोधी निदर्शनांवर गोळीबार झाला आणि त्या काळात वस्त्यांमधल्या प्रतिकार समित्या रुजू लागल्या. डिसेंबर २०१८ मध्ये अतबरा या रेल्वेच्या शहरात पावाच्या किमती भडकल्या, लोक रस्त्यावर आले आणि समित्या देशभर पसरल्या. ३० वर्षांची राजवट चालवणारे उमर अल-बशीर ११ एप्रिल २०१९ रोजी पायउतार झाले.

लष्करी मुख्यालयासमोरचा ठिय्या मात्र उठला नाही, कारण सत्ता लष्कराच्याच हाती राहिली होती. त्या उन्हात मुस्लिम आंदोलक नमाज पढत असताना ख्रिस्ती आंदोलकांनी त्यांच्यावर कापडाची सावली धरली. तिथेच रमजान सुरू झाला, तिथेच हजारोंचे इफ्तार झाले. ३ जून २०१९ रोजी, रमजानच्या २९ तारखेला पहाटे, ईद तोंडावर असताना सशस्त्र दलांनी तो ठिय्या मोडून काढला. शंभराहून अधिक माणसे मारली गेली. इंटरनेट बंद करण्यात आले. तरीही ३० जूनला लाखो लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. निरोप कसा पोहोचला? पत्रके, साधे फोन, दारोदार फिरणारी मुले. गल्लीतले प्रत्येक दार ओळखणारी समिती असेल, तर इंटरनेट तोडून ती तुटत नाही. चार वर्षांनी हीच दारे डाळ घेऊन ठोठावली गेली.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सेवा वेगळी, राजकारण वेगळे, दोन्हींची सरमिसळ नको. आक्षेप अगदीच पोकळ नाही. कक्षांतल्या स्वयंसेवकांनाही नाक्यावर बंदूकधाऱ्याला हेच सांगावे लागते की आम्ही कोणत्याच बाजूचे नाही. तसे सांगूनही दोन्ही बाजूंनी त्यांना ‘शत्रूचे हस्तक’ म्हणून पकडले, छळले. अनेकांचे जीव गेले. मग त्यांचा गुन्हा कोणता? भूक हे जिथे शस्त्र आहे, तिथे बाजू न विचारता वाढणे हा त्या शस्त्राला दिलेला नकार ठरतो. दोन बंदुकांमध्ये ते तटस्थ आहेत. भुकेला आणि भूक लादणारा यांच्यात ते तटस्थ नाहीत, आणि असू नयेत.

दुसरा धोका कौतुकाचा आहे. ‘किती चिवट माणसे!’ असे म्हणणे सोपे असते. २०२५ मध्ये या आपत्कालीन कक्षांना नॉर्वेचा राफ्तो पुरस्कार आणि स्वीडनचा ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. दोन्ही सन्मान योग्यच. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली आणि सुदानमधली अकराशेहून अधिक सामूहिक स्वयंपाकघरे बंद पडली. दारफूरमधले अल-फाशर शहर दीड वर्षाच्या आसपास वेढ्यात होते. तिथे शेवटी लोक ‘अम्बाझ’ खाऊ लागले. अम्बाझ म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, जी आपल्याकडे गुरांपुढे टाकतात. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी ते शहर निमलष्करी दलाच्या हाती पडले आणि मोठी कत्तल झाली. पेंड शिजवून माणसे जगवणाऱ्यांना चिवट म्हणून मोकळे होण्याआधी, ती पेंड खाण्याची वेळ कोणी आणली आणि दोन्ही सैन्यांना शस्त्रे कोण पुरवते, हे विचारायला हवे. चिवटपणाची स्तुती पुष्कळदा हा प्रश्न टाळण्यासाठीच होते.

सुदान महाराष्ट्राला वाटतो तितका दूर नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची घुमटाची मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी सुदानच्या बचावासाठी रक्त सांडले, त्याच्या कृतज्ञतेपोटी सुदानने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. १९५३ ची सुदानची पहिली निवडणूक घेण्यासाठी भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गेले होते. पुण्याच्या महाविद्यालयांत सुदानी विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. त्या देशाच्या बातम्या मात्र मराठी घरांत क्वचितच पोहोचतात.

रमजानमध्ये दानाची चर्चा खूप होते. जकात किती टक्के, फित्रा माणशी किती, हे मशिदीत जाहीर होते. फित्र्याची एक अट त्यामानाने कमी बोलली जाते. तो ईदच्या नमाजआधी द्यायचा असतो, म्हणजे गरिबाच्या घरीही ईदच्या सकाळी काही शिजेल. आता हे नमाजआधी साधायचे, तर कोणत्या घरात चूल पेटणार नाही, हे आदल्या रात्री कोणाला तरी माहीत असावे लागते. ते घर मुसलमानाचे असो वा नसो, शेजारधर्माला तेवढीच माहिती लागते. खार्तुमच्या गल्ल्यांत ती माहिती होती, म्हणून सरकार कोसळल्यावरही पातेली चढली. ज्या गल्लीत ती कोणालाच नाही, तिथे दानशूर कितीही असले तरी संकटाच्या सकाळी नेमके कोणते दार ठोठवायचे, हे कोणालाच ठाऊक नसेल.