सहल म्हणा, 'शैक्षणिक' नको

एक्स्चेंज सेमिस्टरला माद्रिदमध्ये होतो, तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांना एक दिवस बसने टोलेडोला नेलं. कागदावर 'शैक्षणिक सहल'. कॅथेड्रल, एल ग्रेकोची चित्रं, तलवारींची दुकानं, मार्झिपान, ताहो नदीकाठी ग्रुप फोटो. 'इथे तीन धर्म गुण्यागोविंदाने नांदले,' असं गाइडने सांगितलं आणि आम्ही बसमध्ये चढलो.

हे अर्धंच खरं. 'सांता मारिया ला ब्लांका' मूळचं सिनेगॉग, पुढे त्याचं चर्च झालं. १४९२ साली ज्यूंना स्पेनमधून हाकललं. यावर अवाक्षर नाही.

आणि आम्हा इंजिनिअरांना तिथे ज्यासाठी न्यायला हवं, ते तर राहूनच गेलं. १२व्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने याच गावात बसून अल्-ख्वारिझ्मीचं बीजगणित अरबीतून लॅटिनमध्ये आणलं. 'अल्गोरिदम' हा शब्द याच अल्-ख्वारिझ्मीच्या नावावरून आलाय. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा, यावरही त्याने पुस्तक लिहिलं होतं. आज मी अल्गोरिदमवर पगार घेतो. त्या दिवशी तिथे मी फक्त सेल्फी घेतले.

गाइडला दोष देणार नाही. तलवार काचेत ठेवता येते, अनुवाद ठेवता येत नाही. तो कुणीतरी आधी सांगावाच लागतो. म्हणून सहली काढणाऱ्यांना माझं एकच म्हणणं आहे: निघण्याआधी मुलांना दहा पानं वाचायला द्या, तासभर वाद घालू द्या. तेवढं जमत नसेल, तर पावतीवरचा 'शैक्षणिक' शब्द खोडा आणि सरळ पिकनिक म्हणा.