अडकलेला फिल्टर आणि मिस्त्रीची मजुरी

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिनाची विद्या आमची नव्हे. परंतु ज्याचा माल जुन्या टेम्पोवर चालतो, त्याला टेम्पोचे दुखणे ठाऊक असलेच पाहिजे. आपले कितीतरी दुकानदार व कारागीर बांधव आजही जुन्या डिझेल गाडीवर रोजी कमावतात. नवी घेण्याची ऐपत नाही आणि जुनीचा खर्च वाढत आहे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचा फिटनेस दरवर्षी करावा लागतो, आणि १५ वर्षांवरील गाड्यांची त्याची फीही १ एप्रिल २०२२ पासून वाढली. अशा वेळी लहान काम बिघडून मोठे झाले तर धंद्याचे भांडवलच बसते.

डिझेल फिल्टर बदलणे हे असेच लहान काम. आमचे स्पष्ट मत आहे की, फिल्टर अडकतो तो बहुधा मालकाच्या कंजुषीने आणि फुटतो तो मालकाच्या घाईने. दोष मात्र मिस्त्रीच्या माथी येतो.

फिल्टर का अडकतो? मुदत उलटून वर्षानुवर्षे तोच ठेवला की त्याची रबरी रिंग कडक होऊन वरच्या बैठकीला चिकटते. पावसाळ्याचे पाणी लागून आटे गंजतात. बसविताना कोणी पान्याने आवळला असेल तर मग विचारायलाच नको.

अशा वेळी डब्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकून फिरविण्याची रीत सर्रास दिसते. डब्याचा पत्रा पातळ असतो. तो फाटतो, डिझेल सांडते आणि धरायला काही उरत नाही. गॅसची ज्योत दाखविणे तर जिवाशी खेळ आहे. जाणता मिस्त्री आधी इंजिन थंड होऊ देतो, खाली भांडे ठेवतो, डब्याला खरखरीत पॉलिश पेपर गुंडाळतो, मग बैठकीजवळ साखळीचा किंवा पट्ट्याचा पाना लावून खालून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू जोर देतो. वाटीचा जुना फिल्टर असेल तर मधल्या बोल्टला गंज सोडविणारे तेल घालून थांबतो आणि उघड्या पान्याऐवजी रिंग पाना लावतो, म्हणजे बोल्टचे डोके गोल होत नाही. मागावर गुंतलेला धागा ओढला तर ताणा तुटतो, हे विणकराला सांगावे लागत नाही. इथेही तसेच आहे.

नवा बसविताना जुनी रिंग वर चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. दोन रिंगा एकावर एक आल्या की गळती ठरलेली. नव्या रिंगेला डिझेलचा हात लावावा, डबा हातानेच आवळावा. रिंग टेकल्यावर साधारण अर्धा ते पाऊण फेरा पुरतो. नंतर हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. एवढे केले की पुढच्या वेळी तो सहसा अडकत नाही.

आता मालकाबद्दल. फिल्टरची किंमत तो मुकाट्याने देतो आणि मजुरीला घासाघीस करतो. "पाच मिनिटांचे काम" म्हणून मिस्त्रीच्या डोक्यावर उभा राहतो. ज्याला तासाभराचे दाम मिळणार नाहीत, तो तासभर सबुरी कशी धरणार? तो हातोडी उचलणारच. मग बैठकीचे आटे जातात. कचरा पुढे गेला तर पंप व नोझल खराब होतात. त्यांतील फट केसाहून कितीतरी बारीक असते. वाचविलेल्या मजुरीच्या अनेक पट पैसा तिथे जातो.

आमच्या उस्मानपुऱ्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथे पदविका मिळते. गॅरेजातील पोराला पदविका नाही. त्याची शाळा म्हणजे उस्तादाचा हात. उस्तादाला घाईचेच दाम मिळाले तर पोरगाही ठोकाठोकच शिकेल.

म्हणून व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे: फिल्टर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदला, धूळ व पावसात राबणाऱ्या गाडीचा त्याहून आधी. बदलल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवा. मजुरी काम सुरू होण्याआधी ठरवा आणि ती वेळेची ठरवा, नगाची नको. मिस्त्री बांधवांनीही अडकलेल्या फिल्टरचे वेगळे दाम आधीच सांगावे, लाजू नये. कापड मोजताना आम्ही वितीचाही हिशेब सोडत नाही. मग कारागिराच्या तासाचा हिशेब का सोडावा?