वुजूचे पाणी झाडांच्या मुळाशी

पावसाळ्यात मोहल्ल्यात हौसेने रोपे लावली जातात. मे महिना येतो तोवर निम्म्या आळ्यांत नुसत्या काड्या उरतात. पिण्यासाठीच टँकर मागवावा लागतो, तिथे रोपांना पाणी कुठून आणायचे? बंधू-भगिनींनो, यातले बरेचसे पाणी आपल्या मस्जिदीच्या मोरीतून रोज वाहून जाते.

हिशेब करून पाहा. ८० नमाजींनी वुजूसाठी प्रत्येकी ३ लिटर पाणी घेतले, तर एका नमाजेला २४० लिटर झाले. म्हणजे १५ लिटरच्या १६ बादल्या! वुजूला वापरलेले पाणी नापाक होत नाही आणि त्यात साबणही नसतो. ते झाडांना खुशाल घालता येते. कुणाला शंका असेल तर इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

विश्वस्तांशी बोलून वुजूखान्याची मोरी झाकणाच्या टाकीत सोडावी, तोंडाशी जाळी बसवावी. शौचालयाचे आणि साबणाचे पाणी त्यात मिसळू देऊ नये. साठलेले पाणी त्याच दिवशी वापरावे, नाहीतर वास सुटतो, डास होतात. पाणी लिंबू, शेवगा, कढीपत्ता अशा झाडांच्या मुळाशी द्यावे. कच्ची खायची कोथिंबीर आणि पुदिना यांना मात्र स्वच्छ पाणीच घालावे. आळ्यात वाळलेला पाला चार बोटे जाड पसरला की ओल टिकते.

खतही घरातूनच मिळते. भाजीची देठे, फळांच्या साली आणि धुतलेला चहाचा चोथा एक थर, त्यावर सुक्या पाल्याचे दोन थर, असे रचत जावे. हाडे, मासळीचे काटे आणि उरलेला रस्सा यात टाकू नये, कारण त्याने उंदीर-कुत्री येतात. मग शेजारी तक्रार करतात आणि बाग तिथेच संपते.

कामाच्या पाळ्या ठरवाव्यात. रमजानमध्ये आणि शाळेच्या सुट्टीत कोण पाणी घालणार, हे आधीच लिहून ठेवावे. फळ कुणाचे, हेही ठरलेले असावे. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले, तर लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणून पहिला वाटा गरजू घरी जावा.

एक गोष्ट विसरू नये. पाणी झाडांना जाते म्हणून नळ मोकळा सोडला, तर तोही इस्राफच. प्रेषित (स.) एका मुदमध्ये, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात वुजू करीत. आपण लोटाभर, १ लिटर घेतले, तरी ८० नमाजींमागे बागेला पाच बादल्या मिळतात. पाला पसरलेल्या पाच रोपांना तेवढे पुरते. उरलेले १६० लिटर मस्जिदीच्या टाकीतच राहतील आणि मे महिन्यात मोहल्ल्याच्या कामी येतील.