पाचवी गोळी कुणाची?

गटाबाहेर गेलेल्या गोळीला 'फ्लायर' म्हणायचं आणि हिशेबातून काढून टाकायचं, ही खोड आपल्या फौजी मंडळींनाही लागली आहे. माझं भांडण तिच्याशी आहे.

निवृत्तीनंतर मुलाबाळांकडे अमेरिकेत गेलेले आपले काही जुने सोबती तिकडे हौसेने काडतुसं घरी भरतात. झाडलेलं पितळी खोकं साफ करायचं, नवा प्रायमर बसवायचा, बारूद तोलून भरायची, वर बुलेट दाबून बसवायची. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, त्यामुळे ही हौस इथे घरोघरी नाही. पण टार्गेटचे फोटो इथे रोज येतात. चार गोळ्या दहाच्या नाण्याखाली झाकतील अशा, पाचवी तीन बोटं लांब. खाली मजकूर ठरलेला: "पाचवी सोडा. बारूद जरा बदलून बघतो."

का सोडायची? त्याच रायफलीने, त्याच खांद्यावरून, त्याच डब्यातल्या काडतुसाने ती गेली. चार आपल्या आणि पाचवी शेजाऱ्याची, असं कसं?

एकच मुभा आहे आणि ती उस्तादांनी आपल्याला रिक्रूट असताना दिली होती. ट्रिगर सुटला त्या क्षणी, टार्गेट बघायच्या आधी, "उजवीकडे खाली गेली" असं तोंडाने सांगता आलं तर ती चूक तुमची, तशी नोंद करा. दुर्बिणीतून भोक बघितल्यावर आठवलेला धक्का म्हणजे सबब.

तीन गोळ्यांचे गट दाखवणाऱ्यांनाही सांगतो. जितक्या जास्त गोळ्या झाडाल तितका गट पसरतो; साधं गणित आहे. त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा गट तीन गोळ्यांच्या गटापेक्षा सरासरी दीडपटीहून मोठा येतो. म्हणजे तीन-तीन गोळ्यांचे पाच गट झाडून त्यातला सर्वांत लहान फोटोसाठी निवडला, तर तुम्ही रायफल तपासली नाही, फक्त नशीब तपासलंत.

आता दोष बारूदीवर ढकलण्याबद्दल. गट उभा लांबला की "बारूद कमीजास्त पडली" हे ठरलेलं निदान. ७.६२ मिमीच्या रायफलीची बुलेट साधारण ८४० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. दोन काडतुसांच्या वेगात १५ मीटरचा फरक धरला, तर १०० मीटरवर उंचीत तीन-चार मिलिमीटरच फरक पडतो. तोच फरक ६०० मीटरवर जवळजवळ वीतभर होतो. तेव्हा ६०० मीटरवर बारूदीचा संशय घ्या, जरूर घ्या. पण १०० मीटरवर उभा तीन बोटांचा गट दाखवून तराजूला दोष देणाऱ्याने आधी स्वतःचा श्वास आणि खांद्यावरची पकड बघावी.

तपासाला क्रम असतो. दुर्बिणीच्या माउंटचे आणि लाकडात रायफल बांधणारे स्क्रू आधी बघा. ढिला स्क्रू जगातली कुठलीही बारूद घट्ट करत नाही. मग बॅरल: नळीत तांबं साचलंय का, तोंडाला टोच पडलीय का, लागोपाठ झाडून ती तापलीय का. दुपारी बिकानेरकडच्या वाळवंटातल्या रेंजवर झाडणाऱ्यांना ठाऊक आहे की जमिनीवरची लाट टार्गेटच जागेवरून हलवून दाखवते. मग निशाणेबाज. रेंजवरची आपली जुनी रीत आठवा: जवानाचा गट बिघडला की उस्ताद तीच रायफल उचलून स्वतः झाडत असे. रायफलीचा आणि माणसाचा दोष तिथल्या तिथे वेगळा व्हायचा. तसंच कारखान्याचं एका लॉटचं चांगलं काडतूस बाजूला ठेवा. तेही पसरलं तर घरच्या भरणीचा गुन्हा नाही. ते जुळलं आणि घरचं पसरलं, तरच भरणीला हात लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बारूद, बुलेटची खोली आणि प्रायमर एकदम बदलणाऱ्याला गट सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही. आणि गट आवळण्यासाठी पुस्तकातल्या मर्यादेपलीकडे बारूद वाढवणाऱ्याने लक्षात ठेवावं, बोल्ट डोळ्यापासून वीतभरही लांब नसतो.

पॉइंट टू टू रायफलवाले या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे आहेत. त्यांचं रिमफायर काडतूस घरी भरायची सोयच नाही. म्हणून वरच्या दर्जाचे निशाणेबाज आपली बॅरल पकडीत बसवून वेगवेगळे लॉट झाडून बघतात आणि त्यातून निवडतात. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, ते याच काडतुसाच्या खेळात. तिथे प्रत्येक गोळीचे गुण धरतात. "ही सोडा" म्हणायला पंच तयार नसतो.

कोणी म्हणेल, म्हातारपणची हौस आहे, एवढं काय मनावर घेता? घेतो, कारण ही सवय हौसेपुरती राहत नाही. तिच फोटोंतून नवीन पोरं शिकतात. आणि बाहेर गेलेली गोळी पुष्कळदा पहिली असते, थंड बॅरलची, नुकत्याच पुसलेल्या नळीतून गेलेली. हौशी माणूस तिला गरम व्हायची गोळी म्हणून सोडतो. पण ड्यूटीवर जवानाला तीच एक मिळते. घराच्या खिडकीत अतिरेकी आणि मागच्या खोलीत घरातली माणसं असतील, तेव्हा पुढच्या चार गोळ्या नाण्याखाली बसतात हे कुणाला सांगणार?

म्हणून फोटो पाठवायचाच असेल तर असा पाठवा: एकाच कागदावर दहा गोळ्या, पहिली थंड बॅरलची आणि तिच्याभोवती गोल, अंतर लिहिलेलं, एकही भोक न वगळता. गट तळहाताएवढा आला तरी चालेल. त्यावर बोलता येतं, काम करता येतं. चार गोळ्यांच्या नाण्यावर फक्त "वा, सर!" म्हणता येतं, आणि ते मी यापुढे म्हणणार नाही.