चांद्रयान उतरलं, आता दगड कोण वाचणार?

२३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी सहाच्या सुमारास तुम्ही कुठे होतात, हे तुम्हाला नक्की आठवत असेल. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये, लोकलमध्ये कुणाच्या तरी खांद्यावरून मोबाइल बघत, नाहीतर घरी आईबाबांसोबत टीव्हीसमोर. विक्रम उतरला, पेढे वाटले गेले, सगळ्यांची स्टेटस बदलली. माझंही बदललं.

आता दुसरा प्रश्न. २१ ऑगस्ट २०२४ला काय झालं?

नाही ना आठवत? तुमची चूक नाही, कुणी फॉरवर्डच केलं नाही. त्या दिवशी ‘नेचर’मध्ये अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या, म्हणजे पीआरएलच्या, संशोधकांचा निबंध आला. प्रज्ञान रोव्हरने चंद्रावर १०३ मीटरची वाट चालताना २३ ठिकाणी थांबून एक उपकरण मातीजवळ नेलं होतं. त्या उपकरणातून किरण मातीवर पडतात, मातीतून उलटे क्ष-किरण निघतात आणि त्यांवरून तिथे कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते कळतं. माती सगळीकडे जवळपास सारखीच निघाली, आणि निघाली ती फेरोअन अनॉर्थोसाइट या खडकासारखी. एक जुना अंदाज असा आहे, की चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा समुद्रच होता आणि तो थंड होताना हलकी खनिजं दुधावरच्या सायीसारखी वर तरंगली. अपोलोने आणलेल्या दगडांवरून तो अंदाज बांधला होता, पण ते दगड विषुववृत्ताच्या जवळपासचे होते. दक्षिण ध्रुवाच्या बाजूच्या मातीची जागेवर जाऊन केलेली तपासणी ही पहिली. तिथेही सायच सापडली.

चांद्रयान गेलं होतं ते यासाठी. उतरणं हा प्रवास होता. आपण स्टेशनवर गाडी लागल्याच्या टाळ्या वाजवल्या आणि पाहुणा काय घेऊन आला ते न बघता घरी गेलो.

हे मी चिडून लिहितोय, कारण या विसराळूपणाची किंमत माणसं मोजतात. आपल्याकडे अवकाश म्हणजे रॉकेट आणि रॉकेट म्हणजे इंजिनीअरिंग असं समीकरण इतकं घट्ट बसलंय, की दहावीतल्या मुलीने “मला मंगळावर काम करायचंय” म्हटलं की घरातले, क्लासवाले, करिअर सांगणारे काका सगळे एका सुरात म्हणतात, “मग जेईई कर.” फार तर कुणी खगोलशास्त्राचं नाव घेईल. “भूशास्त्र घे” असं म्हणालेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. मंगळाचा अभ्यास हा मुळात दगडांचा, मातीचा, वायूंचा अभ्यास आहे. तो जिऑलॉजी आणि केमिस्ट्रीवाल्यांचा प्रांत आहे. बीएस्सीच्या प्रवेशाच्या वेळी मात्र जिऑलॉजी हा ‘दुसरं काही मिळालं नाही म्हणून’ घ्यायचा विषय.

मीही तसाच घेतला होता. तिसऱ्या वर्षी आमची टूर लोणारला गेली. सकाळी दैत्यसूदन मंदिर, मग कड्यावर उभं राहून ग्रुप फोटो, मग लवणासुराची गोष्ट, मग “उल्का पडून झालेलं जगप्रसिद्ध सरोवर” हे एक वाक्य, मग जेवण. परतताना कुणीतरी काठावरचा एक काळा खडा खिशात टाकला होता (तसं करू नये, पण तो मुद्दा वेगळा). त्या खड्यात काय असू शकतं ते मला चार वर्षांनी कळलं, आणि तेही स्वतः वाचून.

लोणारचं वेगळेपण ऐका. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसॉल्टमध्ये आहे, दख्खनच्या त्याच काळ्या पाषाणात ज्यावर अर्धा महाराष्ट्र उभा आहे. पृथ्वीवर आघातविवरं बरीच आहेत, पण बेसॉल्टमधली बोटांवर मोजण्याइतकी. याउलट चंद्रावरचे ते काळे डाग बेसॉल्टचे, मंगळाचा पृष्ठभाग मुख्यतः बेसॉल्टचा. बेसॉल्टवर अशनी आदळला की त्या खडकाचं काय होतं, कोणतं खनिज चुरगळतं, कोणतं न वितळताच काचेसारखं होऊन बसतं, हे हाताने उचलून बघायचं असेल तर बुलढाणा जिल्ह्यातली बस पकडावी लागते. त्या काचेसारख्या पदार्थाला मॅस्केलिनाइट म्हणतात. तो मंगळावरून आलेल्या अशनींमध्ये असतो आणि लोणारमध्येही सापडतो. १९७३मध्ये अमेरिकी आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी मिळून ‘सायन्स’ पत्रिकेत हे मांडलं आणि लोणार ज्वालामुखीचं तोंड आहे की आघाताचं, हा वाद मिटत गेला.

दुसरा वाद वयाचा. आधीच्या एका पद्धतीने वय निघालं होतं सुमारे ५२ हजार वर्षं. २०११मध्ये आघाताने वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूवरून ते निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दसपटीचा फरक! विवराचं वय चुकलं तर त्याची झीज किती वेगाने झाली याचा हिशेब चुकतो, आणि तोच हिशेब आपण मंगळावरच्या विवरांना लावायला जातो. बुलढाण्यातल्या दगडावरचं हे मोजमाप झालं ऑस्ट्रेलियातल्या पर्थला. परदेशी लोकांनी करू नये असं माझं म्हणणं नाही. विज्ञान कुणाच्या सातबाऱ्यावर नसतं, आणि आपल्याकडच्या काही संस्थांनीही लोणारवर चांगलं काम केलंय. मला टोचतं ते एवढंच, की त्या कड्यावर ग्रुप फोटो काढणाऱ्या आम्हा चाळीस जणांना हा वाद चालू आहे याचीच खबर नव्हती. लोणार आपल्याला कधी आठवलं? जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचं सांगितलं, रील्स झाले, विषय संपला.

बरं, हे आपल्याला कधी जमलंच नव्हतं असंही नाही. अपोलोने आणलेले चंद्राचे दगड १९७०च्या आसपास मुंबईत कुलाब्याला आले होते, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि त्यांचे सहकारी त्या स्फटिकांवर रसायन टाकून, अंतराळातून आलेल्या लोहाच्या केंद्रकांनी त्यात लाखो वर्षांपूर्वी कोरलेल्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होते. त्यातले व्यंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. त्या काळात आपल्याकडे चंद्रावर जाणारं रॉकेट नव्हतं, पण चंद्र वाचणारी माणसं होती. आज रॉकेट आहे.

आणि पुढचं तर फारच मोठं आहे. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ मंजूर केलं, २१०४ कोटींचं. ते चंद्राची माती घेऊन परत येणार आहे. त्याच दिवशी शुक्राची मोहीमही मंजूर झाली, १२३६ कोटींची. माती आली की ती उघडायची कुणी, कापायची कुणी, एकेका कणाचं वय काढायचं कुणी? जपानच्या हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२०मध्ये र्‍युगू लघुग्रहाची जेमतेम साडेपाच ग्रॅम माती आणली. तिच्यासाठी स्वच्छ खोल्या आधी तयार होत्या, आणि हातही आधीच तयार होते, कारण दहा वर्षांपूर्वी इटोकावाचे डोळ्याला न दिसणारे कण हाताळून त्यांनी सराव केला होता. असे हात एका अर्थसंकल्पात तयार होत नाहीत. आज एमएस्सीला बसलेली मुलगी पीएचडी करून, पुढची तीन-चार वर्षं कुठल्यातरी प्रयोगशाळेत घासून, मग त्या खोलीत पाय ठेवते.

आपला अभिमान मात्र स्वस्ताईत अडकलाय. मंगळयानाच्या वेळी पंतप्रधानांनी सांगितलं, की अहमदाबादेत रिक्षाला किलोमीटरमागे १० रुपये पडतात, आम्ही मंगळावर ७ रुपयांत पोचलो. वाक्य टाळ्यांचं होतं आणि टाळ्या पडल्याही. पण त्या यानावर शास्त्रीय उपकरणं होती सगळी मिळून १५ किलोच्या आसपास. पहिल्याच झेपेत मंगळाच्या कक्षेत जाणं हे इंजिनीअरांचं कौतुकास्पद काम होतं, त्याबद्दल दुमत नाही. तिथे जाऊन काय मोजायचं, हा प्रश्न विचारणारा माणूस रिक्षाच्या या हिशेबात कुठेच बसत नाही, एवढंच.

आता कुणीतरी म्हणेल, शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी नाही आणि तुम्ही चंद्राचे दगड काय घेऊन बसलात. मी विदर्भातलाच आहे, हा प्रश्न मला घरीच विचारला गेलाय. पैसे रॉकेटवर खर्च होतच आहेत आणि वाचणाऱ्यांचा खर्च त्यापुढे चिल्लर आहे, हे एक उत्तर. दुसरं उत्तर माझ्या जास्त जवळचं आहे: बेसॉल्टच्या थरांतल्या कोणत्या भेगेत पाणी मुरतं आणि कोणता थर कोरडा ठणठणीत राहतो, हे ओळखणारी नजर आणि लोणारचा खडक ओळखणारी नजर एकाच वर्गात, एकाच सूक्ष्मदर्शकावर तयार होते. तो वर्ग ओस पडला की चंद्र जातो आणि विहीरही जाते.

संधी नाहीत असंही नाही. सीएसआयआर-नेटच्या भूशास्त्राच्या पेपरचं नाव एकदा नीट वाचा: ‘अर्थ, अ‍ॅटमॉस्फेरिक, ओशन अँड प्लॅनेटरी सायन्सेस’. परीक्षेच्या नावातच ग्रह आहेत. नेट किंवा गेटच्या गुणांवर पीआरएलमध्ये पीएचडीसाठी अर्ज करता येतो. जेआरएफची फेलोशिप जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार आहे. हे तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांपर्यंत पोचतच नाही, कारण जाहिरात इंग्रजीत असते, मुदत महिन्याभराची असते आणि ज्या सरांनी सांगायचं ते स्वतःच तासिका तत्त्वावर असतात. मला ती जाहिरात दिसली तेव्हा तारीख उलटून नऊ दिवस झाले होते.

आणि लागलात तरी पुढे सगळं गोड आहे असं मी सांगणार नाही. फेलोशिप वेळेवर येत नाही, हे देशभरातले संशोधक विद्यार्थी वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत. पीएचडीनंतर देशात नोकऱ्या म्हणाल तर पीआरएल, इस्रोची काही केंद्रं, काही आयआयटी आणि आयसर. बाकीचे परदेशी पोस्टडॉक शोधतात. तिथेही २०२५मध्ये अमेरिकी सरकारने नासाच्या विज्ञानाचा निधी जवळपास निम्म्यावर आणायचा प्रस्ताव मांडला आणि जगभरच्या तरुण संशोधकांच्या पोटात गोळा आला. म्हणून “स्वप्नं मोठी बघा” छापाची भाषणं मला सहन होत नाहीत. मुलांची स्वप्नं पुरेशी मोठी आहेत. जागा किती काढता ते सांगा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या एमएस्सी जिऑलॉजीत ग्रहांवरचा एक पूर्ण पेपर असावा आणि त्याचं प्रॅक्टिकल चांद्रयानाच्या खऱ्या डेटावर व्हावं. लोणारला पर्यटकांच्या गॅलरीशेजारी विद्यार्थ्यांना आठवडाभर राहून काम करता येईल अशा चार खोल्या आणि एक सूक्ष्मदर्शक असावा. मोहिमेला जितके कोटी मंजूर होतात, त्यातला ठरावीक वाटा ती मोहीम वाचणाऱ्या फेलोशिपसाठी त्याच कागदावर लिहून द्यावा. आणि अर्जाच्या जाहिराती मराठीत याव्यात. रेल्वे तिच्या भरतीची परीक्षा मराठीत घेऊ शकते, मग इथे निदान जाहिरात तरी मराठीत द्यायला काय हरकत आहे?

हे होईपर्यंत तुमच्या हातात मोबाइल आहेच. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन या तरुणाने नासाच्या चांद्रयानाने काढलेले, सगळ्यांना खुले असलेले फोटो घरी बसून ताडून पाहिले आणि २०१९मध्ये कोसळलेल्या विक्रमचा पहिला तुकडा शोधून काढला. डिसेंबरमध्ये नासाने तसं जाहीर केलं. तो ग्रहशास्त्रज्ञ नव्हता, इंजिनीअर होता. आपल्या चांद्रयान-२चा डेटाही इस्रोच्या ‘प्रदान’ या पोर्टलवर नाव नोंदवून फुकट मिळतो. त्यातल्या एका कॅमेऱ्याला चंद्रावरची एखादी फूटभर वस्तू दिसते. त्याच्या फाइली भल्यामोठ्या असतात, त्यामुळे डाउनलोड रात्री वायफायवर लावा आणि चार्जर जवळ ठेवा.